भयपटांचे संगीत आणि तबकडीवरचे भूत

गेल्या दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेतील रसिकांत एक नवाच छंद बळावला आहे. भयपटांचे पार्श्वसंगीत चित्रपटापासून वेगळे काढावयाचे, त्याच्या जुन्या धाटणीच्या मोठ्या तबकड्या करावयाच्या, त्यांस मुद्दाम चितारून घेतलेली वेष्टने घालावयाची, आणि गिऱ्हाइकाने ती तबकडी रात्री आपल्या खोलीत लावून, चित्र डोळ्यांसमोर नसताना, आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. इंग्लंडात २०११ साली निघालेली ‘डेथ वॉल्ट्झ’ आणि अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे २०१३ साली निघालेली ‘वॅक्सवर्क’ ह्या संस्था तर मुख्यतः ह्याच कामासाठी अस्तित्वात आल्या. ही हकीकत प्रथम कानी आली तेव्हा आमच्या एका खानदेशी स्नेह्यांनी, शेवभाजीतला काळा मसाला निराळा काढून चमच्याने खाण्याचाच हा प्रकार आहे, असा शेरा मारला. शेरा खमंग आहे, परंतु तो पुरता खरा नाही. मसाला भाजीसाठी कुटलेला असतो हे कबूल. पण संगीत हे ज्या प्रसंगासाठी रचले त्या प्रसंगाहून अधिक आयुष्य घेऊन येते, हे आमच्या देशात तरी कोणास नव्याने सांगावयास नको. ज्या नाटकांची संहिता आज कोणी वाचत नाही त्यांची पदे अजून घरोघर म्हटली जातात.

तथापि भयाच्या संगीताचा प्रश्न थोडा निराळा आहे. शृंगाराचे पद प्रसंगावेगळे केले तरी त्यातील शृंगार उरतो. भयाचे तसे होते काय? चित्र काढून घेतल्यावर त्या स्वरांत भय राहते, की केवळ स्वरच राहतात?

पाश्चात्य बोलपटांत हे संगीत फार लवकर आले. १९३३ सालच्या ‘किंग काँग’ ह्या चित्रासाठी मॅक्स स्टायनर ह्याने, आणि १९३५ सालच्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’साठी फ्रान्झ वॅक्समन ह्याने जे वाद्यवृंद बांधले, त्यांवर पुढची कित्येक वर्षे इतरांचा उदरनिर्वाह झाला. परंतु ह्या प्रकाराचा खरा मानदंड म्हणजे १९६० सालचा ‘सायको’ होय. बर्नार्ड हर्मन ह्याने त्यासाठी केवळ तंतुवाद्ये घेतली. फुंकीची नाहीत, चर्माची नाहीत. स्नानगृहातील खुनाचा प्रसंग संगीताशिवाय असावा असे दिग्दर्शक हिचकॉक ह्याचे मत होते. हर्मनने ते न जुमानता व्हायोलिनांच्या किंकाळ्या रचल्या, आणि त्या ऐकल्यावर हिचकॉकने आपले मत बदलले. इतके हे संगीत गाजले, तरी संगीतकाराने लंडनच्या वाद्यवृंदाकडून ते संपूर्ण वाजवून घेऊन त्याची स्वतंत्र तबकडी केली ती १९७५ साली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. भयाचे संगीत आपल्या पायांवर उभे राहू शकते हे मान्य व्हावयास तिकडेही पंधरा वर्षे लागली.

आता ह्याची दुसरी बाजू पाहू. १९७३ सालच्या ‘एक्झॉर्सिस्ट’ ह्या चित्राशी जगाने जी घंटांची नाजूक सुरावट कायमची जोडून टाकली, ती मुळात त्या चित्रासाठी केलेलीच नव्हती. माइक ओल्डफील्ड नामक विशीतल्या तरुणाची ‘ट्युब्युलर बेल्स’ ही तबकडी त्याच वर्षी आधी बाहेर पडली होती. चित्रपटवाल्यांनी तिचा आरंभ उचलला. बार्टोक ह्याने तंतुवाद्ये, आघातवाद्ये व सेलेस्टा ह्यांसाठी १९३६ साली लिहिलेली प्रसिद्ध रचना सभागृहातील प्रतिष्ठित श्रोत्यांसाठी होती; १९८० साली क्यूब्रिकने तिचा एक भाग ‘द शायनिंग’मध्ये घातला, आणि त्या दिवसापासून लोकांस तीत ओसाड हॉटेलातील भुते दिसू लागली. म्हणजे भय हे स्वरांत जन्मतःच असते असे नाही. ते त्यांस चिकटविता येते. गोंधळ्याचे संबळ आमच्या घरी वाजू लागले की आम्हांस देवीची आठवण होते आणि जेवणाची पाने कधी पडतात इकडे लक्ष लागते. तेच संबळ एखाद्या चित्रात काळोख्या वाड्यावर वाजले की मुंबईचा प्रेक्षक खुर्चीचे हात घट्ट धरतो.

ह्याहूनही मौजेचे उदाहरण ‘हॅलोवीन’ ह्या १९७८ सालच्या चित्राचे आहे. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर ह्याने त्याचे संगीत स्वतःच केले. पियानोवर एक छोटीशी सुरावट पुनःपुन्हा वाजते, आणि तिचा ठेका पाच मात्रांचा आहे. हा ठेका त्यास बालपणी संगीताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांनी शिकविला होता. चार मात्रांवर वाढलेल्या पाश्चात्य कानास प्रत्येक आवर्तनात एक पाऊल अधिक पडल्यासारखे वाटते, कोणीतरी मागून चालत आहे असा भास होतो, आणि तो अस्वस्थ होतो. आमच्याकडील झपतालात मुरलेल्या एखाद्या तबलजीस ती तबकडी ऐकविली तर तो बहुधा मान डोलावून समेची वाट पाहील. भीती ही अशी सवयीच्या कुंपणापलीकडे असते, आणि प्रत्येक समाजाचे कुंपण निराळ्या ठिकाणी असते.

मग आमचे कुंपण कोठे होते? हिंदी चित्रसृष्टीने भय कशात घातले? ह्याचे उत्तर आमच्या मते १९४९ सालच्या एका तबकडीत आहे.

परंतु त्यापूर्वी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आमच्याकडे तबकडी निघे ती गाण्याची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचा मजकूर मावे. त्यात गाणे बसे, आणि गाण्याला गिऱ्हाईक असे. पार्श्वसंगीताला कोण विचारतो? ते चित्राच्या फितीवर, कडेच्या बारीक ध्वनिपट्टीत, संवाद, पावलांचे आवाज, दारांची करकर ह्यांच्याबरोबर एकत्र मुद्रित होई, आणि एकदा का ते त्यात मिसळले की दुधातली साखर काढावी तसे ते वेगळे काढणे अशक्य. मिसळण्यापूर्वीची मुद्रणे कोणी जपून ठेवावीत, तर जेथे मूळ चित्रपटच्या चित्रपट नष्ट होऊ दिले तेथे ही अपेक्षा व्यर्थ. गोव्याचे जे वादक आणि संयोजक मुंबईच्या ध्वनिगृहांत रात्रंदिवस हे वाद्यवृंद उभे करीत, त्यांची बरीचशी मेहनत अशा रीतीने संवादांच्या खाली गाडली गेली आहे. भारतीय भयपटाचा तबकडीवरील इतिहास हा म्हणून गाण्यांचाच इतिहास आहे. आणि ही अडचण म्हणावी की भाग्य, ह्याविषयी आमचे मत वाचकांस पुढे कळेल.

‘महल’ हा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट. दिग्दर्शक कमाल अमरोही, नायक अशोक कुमार, नायिका मधुबाला, संगीतकार खेमचंद प्रकाश. एका ओसाड महालात नायक राहावयास येतो. तेथे पूर्वी कामिनी नावाची स्त्री आपल्या प्रियकराची वाट पाहता पाहता मेली अशी कथा त्यास सांगण्यात येते. आणि मग रात्री कोणी एक स्त्री गात गात, कधी झोपाळ्यावर, कधी नावेत, त्यास दिसू लागते. ‘आयेगा आनेवाला’ हे ते गाणे. त्याच्या आरंभीच्या ओळींचा आवाज दुरून यावा अशी योजना होती. आज यंत्राने हे क्षणात होते. तेव्हा तसले यंत्र नव्हते. म्हणून ध्वनिक्षेपक खोलीच्या मध्यभागी ठेवून गायिकेस कोपऱ्यात उभे केले, आणि तिने गात गात एकेक पाऊल पुढे येत नेमके ध्रुवपदाच्या वेळी ध्वनिक्षेपकाशी पोहोचावे असे ठरले. ही आठवण लता मंगेशकर ह्यांनीच पुढे अनेकदा सांगितली आहे. त्यांचे वय तेव्हा विसाच्या आसपास होते. तबकडी ऐकताना आजही ती पावले जाणवतात: आवाज केवळ मोठा होत नाही, तो जवळ येतो.

चित्र पाहणाऱ्यास तेथे मधुबाला दिसते, आणि ती इतकी सुंदर दिसते की भय वाटावयास अवकाश राहत नाही. ज्याच्यापुढे केवळ कर्णा आहे त्यास मात्र कोणीही दिसत नाही. खोलीत एक आवाज येतो, इतकेच. आमचे तर असे म्हणणे आहे की हे गाणे चित्रात आहे त्याहून तबकडीवर अधिक भयकारी आहे. पाश्चात्य पार्श्वसंगीतास चित्रापासून तोडले असता जे काही हरवते, त्याच्या नेमके उलट येथे घडते.

आणि ह्या तबकडीची सर्वांत विलक्षण गोष्ट तिच्या मधल्या कागदी चकतीवर होती. प्रथम आलेल्या प्रतींवर गायिकेचे नाव छापले होते ते ‘कामिनी’. पडद्यावर जी गाते त्या पात्राचे नाव तबकडीवर घालण्याची त्या काळी रीतच होती, त्यामुळे कंपनीने काही खोडसाळपणा केला असे नव्हे. परंतु परिणाम पाहावा! कथेच्या शेवटी उघड होते की महालात भूत नाहीच. माळ्याची मुलगी आशा कामिनीचे सोंग घेऊन फिरत होती. म्हणजे कामिनी ही चित्रपटातदेखील अस्तित्वात नसलेली, केवळ ऐकीव स्त्री. आणि तिच्या नावाने तबकड्या बाजारात विकल्या जात होत्या! हे गाणे कोणी म्हटले अशी पृच्छा करणारी पत्रे आकाशवाणीकडे येऊ लागली, तेव्हा कंपनीकडे चौकशी होऊन लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. भुताला नाव मिळाले ते असे, श्रोत्यांच्या आग्रहावरून. खेमचंद प्रकाश ह्यांस हे यश फार काळ पाहता आले नाही. पुढच्याच वर्षी, १९५० च्या ऑगस्टात, ते निवर्तले.

येथे खानदेशाच्या वाचकांस एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. लताबाईंचा जन्म इंदूरचा, घराणे गोमंतकातील मंगेशीचे, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या मातोश्री मात्र आमच्या धुळे जिल्ह्यातील थाळनेरच्या. तेथील व्यापारी शेठ हरिदास रामदास लाड हे लताबाईंचे मातामह. मास्टर दीनानाथांचा प्रथम विवाह त्यांची कन्या नर्मदा हिच्याशी झाला, आणि तिच्या अकाली मृत्यूनंतर धाकटी शेवंती ही मंगेशकरांच्या घरी आली. आजीपासून लताबाईंनी गुजराती गरबे उचलले.

थाळनेर हे तापीच्या उत्तर तीरावरचे गाव. आज ते शिरपूर तालुक्यातील एक साधे गाव असले तरी खानदेशच्या फारुकी राजांची पहिली राजधानी तेथे होती. १३९९ साली वारलेला मलिक राजा फारुकी तेथेच चिरविश्रांती घेत आहे, आणि त्या घराण्याच्या कबरी अजून उभ्या आहेत. १८१८ च्या फेब्रुवारीत सर टॉमस हिस्लॉप ह्याच्या इंग्रजी फौजेने तेथील किल्ला घेतला, तेव्हा दाराशी झालेल्या गोंधळात काही इंग्रज अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून आतील शिबंदीची सरसकट कत्तल करण्यात आली व किल्लेदारास फासावर चढविले. खुद्द इंग्लंडात त्यावर टीका झाली. पडका किल्ला, नदीकाठ, राजांच्या कबरी, अन्यायाने मेलेले शिपाई: भयपट लिहिणाऱ्यास ह्याहून अधिक सामग्री ती कोणती हवी? आणि तरीही ज्या मुलीच्या आजोळी हे सर्व होते तिने तेथून नेले ते गरबे. हिंदी चित्रपटांतील बहुतेक सर्व प्रसिद्ध भुतांना पुढे तिनेच आवाज दिला हा योगायोग आहे. त्यातून कार्यकारणभाव काढण्याइतके आम्ही अविचारी नाही. पण योगायोग गोड आहे, आणि आमच्या जिल्ह्यांतील फारच थोड्या लोकांस तो ठाऊक आहे, म्हणून येथे लिहून ठेवला.

‘महल’नंतर भुताच्या गाण्याचा जणू एक रागच बांधला गेला. १९५८ साली बिमल रॉय ह्यांच्या ‘मधुमती’त सलील चौधरी ह्यांचे ‘आजा रे परदेसी’ आले, आणि पार्श्वगायनाचे पारितोषिक फिल्मफेअरने प्रथमच ठेवले तेव्हा ते त्यासच मिळाले. १९६२ साली हेमंत कुमार ह्यांनी स्वतः काढलेल्या ‘बीस साल बाद’मधील ‘कहीं दीप जले कहीं दिल’ ह्या गाण्याने तेच पारितोषिक पुन्हा लताबाईंकडे आणले. १९६४ साली हेमंत कुमारांचाच ‘कोहरा’ आणि राज खोसला ह्यांचा ‘वो कौन थी’ हे दोन्ही आले. ह्या शेवटच्या चित्रातील ‘नैना बरसे’ ह्या गाण्याविषयी असे सांगतात की चित्रण करावयाच्या वेळी लताबाईंच्या आवाजातील मुद्रण तयार नव्हते. तेव्हा संगीतकार मदन मोहन ह्यांनी स्वतः गाऊन ठेवलेल्या मुद्रणावर साधनाने ओठ हलविले. शुभ्र वस्त्रातील ती गूढ स्त्री डोंगरात पुरुषाच्या आवाजात गात आहे, असे दृश्य बघ्यांस दिसले असणार! मदन मोहन ह्यांच्या आवाजातील ते मुद्रण पुढे प्रसिद्धही झाले, आणि ऐकण्याजोगे आहे. आवाज एकाचा, देह दुसऱ्याचा, आणि पात्र तर तिसरेच. आमचे पार्श्वगायन ही मुळातच एक झपाटण्याची क्रिया आहे. भयपटाने ती फक्त उघड केली.

ह्या गाण्यांत एक समान धागा आहे. ‘मधुमती’ वगळता बहुतेक चित्रांत भूत खोटे असते. ‘महल’मध्ये माळ्याची मुलगी, ‘वो कौन थी’त मिळकतीसाठी रचलेले कारस्थान आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोघी बहिणी, शेवटच्या अर्ध्या तासात सर्व उलगडा होतो आणि सुशिक्षित प्रेक्षक समाधानाने घरी जातो. गाण्यास मात्र हा उलगडा ठाऊक नसतो. चित्र संपल्यावर तबकडी घरी आली की तिच्यात शेवटचा अर्धा तास नसतो. तिच्यात केवळ ती हाक असते. चित्रपटाने जे भूत खोटे ठरविले ते तबकडीवर खरेच राहिले, आणि सत्तर वर्षे खरे आहे. आम्ही भुतांवर विश्वास ठेवीत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध आम्ही महाविद्यालयात व्याख्याने दिली आहेत. परंतु ‘आयेगा आनेवाला’ ऐकताना आशा ही माळ्याची मुलगी आम्हांस एकदाही आठवलेली नाही.

मग ह्यात उरते ते भय की दुसरे काही? आमच्या मते ते विरहाचे गाणे आहे. आमच्याकडील भूत मारावयास येत नाही, ते वाट पाहते; आणि वाट पाहणारी स्त्री हा तर आमच्या काव्याचा अतिप्राचीन विषय. तिच्याभोवती फक्त धुके सोडले आणि पाऊल वाजू दिले नाही की तिचे भूत होते. ह्यामुळेच एक गोष्ट शक्य झाली जी पाश्चात्यांस विनोदी वाटेल. आमच्या लहानपणी जळगाव-धुळ्याकडील गावांत लग्नघरी भाड्याने लाउडस्पीकर आणीत. कर्णा कडुनिंबाला बांधला जाई आणि तबकड्यांची पेटी उघडे. त्या पेटीत ‘कहीं दीप जले’ हमखास असे, आणि हळदीच्या दिवशी, भर दुपारी, पंगती बसत असताना ते लावले जाई. कोणी हरकत घेतल्याचे आम्हांस स्मरत नाही. ‘सायको’च्या व्हायोलिनांवर कोठे जेवणाच्या पंगती उठल्या असतील असे वाटत नाही.

ह्यापुढचा काळ आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तो थोडक्यात आटोपण्याच्याच योग्यतेचा आहे. रामसे बंधूंचे ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आले, ‘पुराना मंदिर’ १९८४ साली, ‘वीराना’ १९८८ साली. भूत आता खरे झाले, त्यास दात आले, आणि त्याचे गाणे गेले. गाणी उरली ती सहलीस निघालेल्या तरुण-तरुणींची. कॅसेटवर निघत ती हीच गाणी, आणि त्यांत भयाचा मागमूस नसे. राक्षस येताना जे खरे संगीत वाजे ते कॅसेटवर आलेच नाही. ह्या काळातील संगीताचा एक निवडक संग्रह ‘बॉलिवूड ब्लडबाथ’ ह्या नावाने २०११ साली काढला तो इंग्लंडातील ‘फाइंडर्स कीपर्स’ ह्या संस्थेने. आपला कचरा परक्याने झाडून त्यात काही चमकते आहे काय हे पाहावे, ह्याची लाज वाटावी की आनंद मानावा, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही तो संग्रह ऐकला आहे; करमणूक होते, भय वाटत नाही.

निव्वळ पार्श्वसंगीत म्हणून मन लावून ऐकावा असा संग्रह आमच्या मराठी मुलखाच्या कथेला मिळाला तो अगदी अलीकडे. राही अनिल बर्वे ह्यांचा ‘तुंबाड’ २०१८ च्या ऑक्टोबरात आला. २०२४ साली तो पुन्हा चित्रगृहांत लागला तेव्हा पहिल्यापेक्षा अधिक गर्दी झाली. चित्र हिंदी, पण त्याची हाडे मराठी आहेत. नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ ह्या कादंबरीवरून घेतलेले, आणि बीज नारायण धारप ह्यांच्या कथेतले, जी बर्वे ह्यांनी नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राकडून ऐकली होती. त्यातील एक गाणे अजय-अतुल ह्यांचे. पार्श्वसंगीत मात्र येस्पर कीड ह्या डॅनिश संगीतकाराचे, ज्याची कीर्ती मुख्यतः संगणकावरील खेळांच्या संगीतासाठी आहे. कोकणातील ब्राह्मणाच्या वाड्याला डेन्मार्कच्या माणसाने स्वर द्यावेत ह्यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटले. आम्हांस त्यात वावगे दिसत नाही. ह्या कथेत भूत हाका मारीत नाही. लोभी माणूसच आपल्या पायांनी त्याच्याकडे जातो. तेथे विरहिणीच्या गाण्याला जागाच नव्हती, आणि ती जागा मोकळी ठेवण्याचे शहाणपण कर्त्यांनी दाखविले, हे मोठे.

तो संग्रह चित्राशिवाय ऐकला असता पहिली गोष्ट जाणवते ती पावसाची. चित्रात पाऊस जवळजवळ अखंड पडत असतो, आणि त्याच्या आवाजाखाली कित्येक स्वर बुडालेले असतात. संग्रहात पाऊस नाही. जे पाण्याखाली होते ते उघडे पडते: खालच्या सप्तकातील तंतुवाद्यांची लांब, न हलणारी धरण, आणि तिच्यावर मधूनच उठणारा मानवी कंठांचा समूह, ज्याचे शब्द कळू नयेत अशीच योजना आहे. काही भाग लांबले आहेत हे सांगितले पाहिजे. खेळाच्या संगीताची सवय, म्हणजे खेळणारा पुढे सरकेपर्यंत तेच वाजवीत राहण्याची, कोठे कोठे डोकावते. परंतु जेथे रचना साधली आहे तेथे ‘महल’च्या पावलांनंतर प्रथमच आम्हांस असे वाटले की खोलीत कोणीतरी आहे. मात्र हे खालचे स्वर इतके मंद आहेत की ते ऐकावयाचे तर छताचा पंखा बंद करावा लागतो. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना आम्ही तो तीनदा बंद केला, आणि घरच्या मंडळींनी तीनदा सुरू केला.